कापूससाहेबाच्या बंगल्यावरचा पोळा

वर्ध्याकडे राहून आले असं म्हटलं की साताऱ्यात सगळे एकच विचारतात, "आश्रम पाहिलात ना?" नाही पाहिला. आम्ही गेलो होतो गिरडच्या अलीकडे, एका टेकाडावरच्या जुन्या बंगल्यात, हवा खायला. कुणाला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, पत्ता मी देईन. फक्त पिठोरी अमावास्येच्या सुमारास जाऊ नये, एवढं आधीच सांगून ठेवते.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. ह्यांची बँकेनं नागपूरला बदली केली होती. मुलगा सांगलीला कॉलेजात, वसतिगृहात. घरात आम्ही दोघंच, आणि नागपूरच्या त्या घामट श्रावणात एकमेकांवर खेकसण्यापलीकडे दुसरा उद्योग नव्हता. ह्यांच्या शाखेतले भोयर म्हणून एक होते, हिंगणघाटचे. त्यांनीच बंगल्याची किल्ली पुढे केली. त्यांच्या आजोबांनी तो एका इंग्रज कापूसवाल्याकडून घेतलेला. हा साहेब विलायतेतल्या गिरणीसाठी हिंगणघाटच्या बाजारात कापूस खरेदी करायचा आणि पावसाळ्यात बाजार थंडावला की बायकोला घेऊन या टेकाडावर येऊन राहायचा. त्याचं खरं नाव भोयरांनाही माहीत नव्हतं. गावाच्या तोंडी तो कापूससाहेबच होता.

किल्लीबरोबर भोयरांनी माझ्यावर एक कामही सोपवलं. "वहिनी, तिथं आमचा गोविंदा हाय, राखणदार. त्याच्या बायकोले आठवा लागला. पावसात नाला चढला की बंगल्याचा रस्ता बंद होते. वडनेरले माहेर हाय तिचं, तिथं जाय म्हणून सांगून आम्ही थकलो. हलतच नाई. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही जरा समजावून पाहा."

मी हो म्हटलं. दुसऱ्याच्या सुनेला समजावण्यात मला माझ्या मगदुराबाहेरचा उत्साह असतो, असं ह्यांचं मत आहे.

टेकाडावर

फाट्यावर एस.टी. सोडली तर गोविंदा बैलगाडी घेऊन उभा. तिशीचा, काटक, बोलताना मान खाली घालणारा माणूस. वाटेत तो नाला लागला. बैलांचे खूर भिजतील एवढंच पाणी होतं, पण दोन्ही काठांवरच्या झुडपांत माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर गवताचे पुंजके अडकून वाळलेले होते. पूर तिथवर येतो, हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

बंगला पाहून मी खूश झाले. दगडी जोतं, सागवानी खांब, कवेलूंचं उतरतं छप्पर आणि तीन बाजूंनी फिरलेली रुंद ओसरी. आत दोन मोठ्या खोल्या आणि ओसरीच्या टोकाला एक कोपऱ्यातली खोली. साहेबानं दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीची जागा बांधून घेतली होती, धुराड्यासकट. उन्हाळ्यात जिथं कावळे झाडावरून टपाटप पडतात त्या मुलखात! आम्ही दोघं मनसोक्त हसलो. मग हसणं थांबलं तेव्हा सगळीकडे फार शांत आहे असं वाटलं. पावसाळी रानाला आवाज असतात, इथं नव्हते.

स्वयंपाकघर मागे वेगळं, त्याला लागून गोविंदाचं बिऱ्हाड. त्याची बायको सुभद्रा आम्हाला पाणी घेऊन आली. गोरी, ठसठशीत, पोट चांगलंच पुढे आलेलं. तिनं त्या दिवशी ज्वारीची गरम भाकरी, तरोट्याची रानभाजी आणि जवसाची चटणी वाढली. जवसाची चटणी आमच्याकडे होते, पण अशी नाही. ह्यांनी तीनदा मागून घेतली आणि मला उगाच ऐकवलं की चटणी अशी असते.

जेवणं झाल्यावर हे आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले आणि मी घरभर फिरले. कोपऱ्यातली खोली उघडी होती. रिकामीच म्हणायची, पण नुकती सारवल्यासारखी स्वच्छ. भिंतीशी एक लहान गोधडी अंथरलेली आणि उशाशी पितळी वाटी, पाण्यानं भरलेली. येणाऱ्या बाळाची तयारी दिसते, असं मनाशी म्हणून मी दार ओढून घेतलं.

तेवढ्यात ओसरीवर पावलं वाजली. अनवाणी, हलकी, पळणारी. एका टोकाकडून आली, कोपऱ्याला वळली आणि पलीकडच्या बाजूला गेली. दुपारचे दोन-अडीच, बाहेर नुसती भुरभुर.

"कोण आलं हो?" मी विचारलं.

"वानरं," पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले.

मी बाहेर आले. वानरं होती, नाही असं नाही. समोरच्या मोहाच्या झाडावर पंधरा-वीस जण भिजत बसले होते, लेकुरवाळ्या माद्यांसकट. एकही हलत नव्हतं. सगळ्यांची तोंडं आमच्या ओसरीकडे होती. मी आत येऊन ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पेपरचं मधलं पान मागितलं.

संध्याकाळी सुभद्राजवळ विषय काढला. ती तांदूळ निवडत होती.

"वडनेरला का गं जात नाहीस?"

"नाई जात जी मी."

"पण काऊन?" मी तिच्या बोलीत विचारलं, तशी ती हसली. मग म्हणाली, "मी गेली त इथचं कोण पाहीन, बाई?"

"गोविंदा आहे की."

"त्याइले भाकर जमते. बाकीचं नाई जमत," असं म्हणून ती सूप घेऊन आत गेली. मला राग आला. नाला पाहिला होता मी.

गावाबद्दलही एक सांगायचं राहिलं. दूध रोज गावातून यायचं, पण दूधवाला फाटकाच्या आत पाऊल टाकायचा नाही. तिथूनच हाक मारायचा. गावाची शीव अगदी बंगल्याच्या फाटकाशी येऊन संपते, आणि फाटकाबाहेर पळसाच्या वाळक्या फांद्यांचा माणूसभर ढीग पडलेला होता. सरपण म्हणून कुणी का नेत नाही, असं मी गोविंदाला विचारलं. "थे नसते नेत, बाई," एवढंच तो म्हणाला.

गिरड

दुसऱ्या दिवशी गोविंदा आम्हाला गिरडला घेऊन गेला. डोंगरावर शेख फरीदांचा दर्गा आहे. वर चढणाऱ्यांत टोप्या होत्या तसे कुंकवाचे टिळेही होते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. डोंगरावर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्यानं फकिराशी खोटं बोलून माल लपवला, म्हणून त्याच्या मालाचे दगड झाले असं सांगतात. ह्यांनी चारपाच दगड खिशात घातले आणि हा ज्वालामुखीचा प्रकार आहे, असं मला समजावून सांगितलं. ह्यांना कारण सापडल्याशिवाय घास गिळवत नाही.

गोविंदानं वर फुलं वाहिली, ऊद लावला आणि बराच वेळ डोकं टेकून राहिला. उतरताना एका टप्प्यावर आम्ही दम खायला बसलो, तेव्हा तो आपणहून बोलायला लागला.

"आमचा राजू होता, बाई. चार वर्साचा. तीन पावसाळे झाले आता. ताप भरला त्याले, अन् नाला असा भरला का इकडचा माणूस तिकडे नाई. दोन दिवस पाणी उतरलं नाई. तिसऱ्या दिवशी उतरलं. मंग कायचा डॉक्टर अन् काय. ती म्हणते थो कुठी गेलाच नाई. घरातच हाय. ओसरीवर खेळते, त्या खोलीत निजते. रोज जेवाले देते ती त्याले. म्हणून नाई निंघत. म्हणते, मी गेली त पोट्टं उपाशी राहीन."

हे खिशातले दगड चाळवत राहिले.

"तूही ऐकतोस का काही?" मी विचारलं.

तो वर दर्ग्याकडे बघू लागला. "मी तिले म्हटलं, पिठोरीले इचार. दरसाल पूजा करते ना, मंग 'अतीत कोण' म्हणून इचार. मागून कोणी बोललं नाई, त समजजो का पोट्टं देवाघरी गेलं. मंग मुकाट्यानं वडनेरले जाजो. तिनं कबूल केलं, बाई. शपथ घेतली."

"आणि कुणी बोललं तर?" ह्यांनी विचारलं.

"कोण बोलन, साहेब?" गोविंदा म्हणाला.

ज्यांच्या घरी पिठोरी नसते त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दिवशीच ही अमावास्या येते. लेकुरवाळी बाई दिवसभर उपास करते. संध्याकाळी पूजा झाली की खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून पाठमोरी बसते आणि मागे न बघता विचारते, अतिथी कोण? मागे उभं असलेलं पोर म्हणतं, मी. मग ती ताट मागच्या मागे त्याच्या हातात देते. माझ्या सासूबाई करायच्या, पुढे मी करू लागले. आमचा चिरंजीव तर माझा प्रश्न पुरा होण्याआधीच "मी, मी" करून ताट ओढायचा. त्यात भिण्यासारखं काही असतं, हे मला त्या डोंगरावर पहिल्यांदा समजलं.

त्याच संध्याकाळी बैलांचे खांदे शेकले. आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर, तो आषाढात होऊन गेलेला असतो, त्यामुळे मला सगळं नवीन होतं. गोविंदानं बैलांच्या मानेला हळद-तूप चोळलं आणि सुभद्रानं त्यांना रीतसर बोलावणं केलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माणसाला करावं तसं, हात जोडून. मला फार गोड वाटलं. मग ती वळली आणि रिकाम्या ओसरीकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणाली. गोविंदा खाली मान घालून बैलाची मान चोळत राहिला.

पोळा

पोळ्याच्या दिवशी सकाळीच दारांच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या केल्या. वडे, कढी, भजी, पुरणपोळी असा बेत. इथली पुरणपोळी पुरणानं इतकी भरलेली असते की ती पोळी आहे हे विश्वासानं मानायचं, आणि वर तूप वाटीनं ओततात. आधी बैल जेवले, मग आम्ही. सुभद्राला उपास होता.

ऊन कलल्यावर गोविंदा बैलांना झुली घालून, शिंगांना बेगड लावून गावात निघाला. तोरणाखाली सगळ्या गावचे बैल उभे राहतात आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. हे बघायला ह्यांनाही जायचं होतं. मी सुभद्राबरोबर थांबले. फाटकाबाहेर पडताना गोविंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू होतं, आता सुभद्रा वडनेरला जाणार असं म्हणणारं.

तिनं पूजा ओसरीवरच मांडली. भिंतीवर चौसष्ट योगिनींचं चित्र, पुढे पिठाचे दिवे. अजून उजेड होता, बाहेर पाऊस भुरभुरायला लागला होता. गावातून ढोल ऐकू येत होते. तिनं मला मागे उभं केलं.

"बाई, तुम्ही बोलू नका. नुसत्या उभ्या राहा. ताट खाली पडू नाई म्हणून."

तिनं ताट डोक्यावर घेतलं. मी हात पुढे करून उभी राहिले आणि मनात म्हणत होते, देवा, कुणाला बोलू देऊ नको. एका बाईनं आपल्या मेलेल्या मुलाची वाट बघावी आणि दुसरीनं तो येऊ नये म्हणून प्रार्थना करावी, अशी वेळ माझ्यावर आली होती.

"अतीत कोण?" ती म्हणाली.

ढोल तेवढ्यात थांबले होते की मलाच ऐकू येईनासे झाले, कोण जाणे.

"मी."

आवाज माझ्या उजव्या बाजूनं आला, कमरेच्या उंचीवरून. चोरटा नव्हता, रडवा नव्हता. खेळून दमलेलं, भूक लागलेलं पोर जसं बोलतं तसा, थोडा कुरकुरता. मी मान वळवली. तिकडे ओसरी होती, तिच्यापुढे पाऊस होता.

सुभद्राचे हात सैल झाले आणि ताट माझ्या हातात आलं. ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. इतकी सुंदर बाई मी आयुष्यात क्वचित पाहिली आहे. "ऐकलं ना, बाई?" ती म्हणाली. तिनं माझ्या हातून ताट घेतलं आणि कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन ठेवलं.

दिवेलागणीला दोघे परतले. गोविंदाच्या कपाळावर गुलाल होता. सुभद्रानं त्याला ओसरीच्या पायरीवरच सांगितलं, "आवाज देल्ला त्यानं. मी नाई जात आता." गोविंदानं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून त्याला समजायचं ते समजलं. एक क्षणभर त्याच्या डोळ्यांत अशी काही आशा उभी राहिली की मला बघवेना. मग त्यानं ती गिळली.

"थो मीच होतो," तो म्हणाला. "बैल बांधाले मागून आलतो. तुह्यी पूजा चालू दिसली. म्हटलं, बोलावं आपण. मग पुन्हा गेलो."

हे तोंड उघडणार होते. सगळा वेळ हे आणि गोविंदा तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभे होते. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला.

करीचा दिवस

फटफटायच्या आधीच आरोळ्यांनी जाग आली. सगळं गाव दारातल्या पळसाच्या फांद्या उपटून शिवेकडे धावत येत होतं. "घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा! खोकला-पडसं घेऊन जा!" मारबत म्हणजे गावाची इडापिडा आपल्याबरोबर घेऊन जाणारी. फाटकाशी आले की फांद्या भिरकावायच्या आणि मागे वळून न बघता परत जायचं. धपाधप फांद्या पडत होत्या. गावातलं वर्षभराचं आजारपण आणून ते या घराच्या दारात टाकत होते. त्यांच्या मनात या घराबद्दल वाईट काही नव्हतं. त्यांची शीवच तिथं होती.

सुभद्रा ओसरीच्या खांबाला टेकून बघत होती. मी तिच्याजवळ गेले.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही त माह्या मागंच उभ्या होत्या. हे होते का ते? खरं सांगा."

घरामागे गोविंदा उभा होता. त्याला आम्ही दिसत नव्हतो, पण आमचं बोलणं ऐकू येत होतं. नाल्याचा आवाजही येत होता. आदल्या दिवशी हा आवाज नव्हता.

मी देवाधर्माची बाई आहे. पूजेतल्या गोष्टीत खोटं बोलणं मला जड गेलं, पण मी बोलले आणि पुन्हा वेळ आली तरी बोलेन.

"हो," मी म्हटलं. "गोविंदाच होता."

ती फांद्यांच्या ढिगाकडे पाहत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं जी. उद्या निंघू आम्ही."

फाटा

निघताना पाऊस थांबला होता. सुभद्राला हिंगणघाटच्या स्टँडवर तिचा भाऊ घ्यायला येणार होता, तोवर ती आमच्याबरोबर. गोविंदानं गाडीत गवत पसरलं, वर चादर टाकली. मी चढून बसले, ती माझ्या शेजारी.

"जरा सरका ना, बाई."

मी सरकले. तिनं आमच्या दोघींच्या मधली चादर हातानं सारखी केली, ओसरीकडे वळली आणि रोजच्या आवाजात हाक मारली, "चाल. बस."

गोविंदानं कासरा ओढलेला तसाच धरून ठेवला. कुणी घाई केली नाही. मग ती "हं" म्हणाली आणि गाडी हलली. मी मागे वळून पाहिलं, तर मोहावरची वानरं ओसरीच्या कठड्यावर उतरत होती. एकीनं तर पिलाला खाली सोडलं होतं, आणि ते दगडी फरशीवर उड्या मारत होतं.

नाल्याचं पाणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत आलं होतं. गाडी कलंडायला लागली तेव्हा सुभद्रानं एक हात पोटावर ठेवला आणि दुसरा त्या मधल्या जागेभोवती टाकला. त्यानंतर दोनच दिवसांनी तो रस्ता आठवडाभरासाठी बंद झाला, आणि पुढे महिन्याभरानं वडनेरला तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे भोयरांकडून कळलं. त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अंग चोरून कडेला बसले होते आणि माझा गुडघा त्या जागेला लागू नये म्हणून जपत होते.

फाट्यावर एस.टी. मिळाली. गोविंदा खाली उभा राहिला. खिडकीच्या गजावर त्याचा हात गाडी सुटेपर्यंत होता. आम्हाला तिघांच्या बाकड्यावर जागा झाली. मी आणि सुभद्रा दोन टोकांना बसलो, आणि बाकडं रिकामं दिसत असूनही हे दांड्याला धरून उभे राहिले.

कंडक्टर आला. ह्यांनी पाकीट काढलं. "हिंगणघाट, तीन."

"साहेब," सुभद्रा खालच्या आवाजात म्हणाली, "एक अर्धं घ्या ना."

कंडक्टर तिच्या पोटाकडे बघून हसला. "माय, पोटातल्याचं तिकीट नाई लागत."

"पोटातल्याचं नाई, भाऊ."

त्यानं बाकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण हे आता काय बोलतील ते मला ऐकायचं नव्हतं.

"तीन फुल, एक हाफ," हे म्हणाले.